छोट्या मोटारींचा मोठा छंद

(यंदाच्या गणेशोत्सवात आपल्या सभागृहात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



रौप्यमहोत्सवी वर्षात प्रत्येक विंगमधल्या एकेका सभासदाने आपल्या छंदाबद्दल बोलायचं, असं समितीने ठरवलं. ए विंगचं गाणं झालं, बी विंगची बाग झाली. आज सी विंगची, म्हणजे माझी पाळी. माझा छंद मोटारींचा. आता तुम्ही म्हणाल, या गृहस्थाकडे तर साधी स्कूटरसुद्धा नाही! खरं आहे. माझ्याकडे एकेचाळीस मोटारी आहेत आणि त्या सगळ्या एका काचेच्या कपाटात मावतात. पार्किंगच्या वादात माझं नाव कधी आलं नाही, ते त्यामुळेच.

ही मोटारींची तयार खेळणी नव्हेत. खोक्यात सुटे भाग येतात. बॉडी, चेसिस, इंजिनाचे दहा-पंधरा तुकडे, सीटा, चाकं, काचा असे ऐंशी-नव्वद, कधी दीडशे भाग. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि जोडायचे. याला म्हणतात स्केल मॉडेल किट. स्केल म्हणजे प्रमाण. मोटारींच्या किटमध्ये दोन प्रमाणं जास्त चालतात, एकास चोवीस आणि एकास पंचवीस. एकास चोवीस म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट मॉडेलमध्ये अर्धा इंच. चार मीटरची गाडी साधारण साडेसोळा सेंटिमीटरची होते, तळहातावर बसते. पण हिशेब उलटाही लागू होतो, बरं का! मॉडेलवर तुमची एक मिलिमीटरची चूक झाली, तर ती खऱ्या गाडीवर चोवीस मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ एक इंचाची चूक असते. दार एक इंच वाकडं बसलेली गाडी तुम्ही शोरूममधून घ्याल का?

मी या छंदाकडे आलो तो नोकरीतून. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. प्लास्टिकच्या वस्तूंच्या डाय बनवणं हे माझं काम. कारखान्याने व्हीआरएस दिली आणि घरी बसलो. घरी बसलेल्या टूलरूमवाल्याच्या हातांचं काय होतं, ते आमच्या सौभाग्यवतींना विचारा. मी घरातल्या सगळ्या कड्या-कोयंडे खोलून पुन्हा बसवले. त्याच सुमारास अमेरिकेतून आलेल्या भाच्याने १९५७च्या शेव्हरोलेचं एक किट आणून दिलं. खोकं उघडलं आणि मी आधी गाडी पाहिलीच नाही, डाय पाहिली. म्हणजे त्या प्लास्टिकवरून डाय कशी असेल, ते वाचत बसलो.

कारण हे सगळे भाग पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे असतात. प्लास्टिक वितळवून पोलादी डायमध्ये दाबाने भरतात. डायचे दोन भाग जिथे मिटतात, तिथे मालावर केसासारखी एक रेघ उमटते. आम्ही तिला पार्टिंग लाइन म्हणतो. भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे आतल्या बाजूला राहतात. मोटारीची अख्खी बॉडी एका तुकड्यात काढायची तर डायच्या बाजू सरकत्या कराव्या लागतात, नाहीतर माल आत अडकून बसेल. चांगलं किट म्हणजे चांगल्या टूलरूमचं काम असतं. त्या शेव्हरोलेच्या जाळीवरचे आडवे गज पाहिले आणि न पाहिलेल्या कुणा कारागिराला मी मनातल्या मनात सलाम केला.

या छंदाचा इतिहासही थोडक्यात सांगतो. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारीचे विक्रेते गिऱ्हाइकांना दाखवायला नव्या गाडीच्या छोट्या प्रतिकृती ठेवत. एएमटी नावाची कंपनी १९४८ साली याच कामातून उभी राहिली. १९५८मध्ये त्यांनी एका खोक्यातून तीन प्रकारे बांधता येईल असं किट आणलं. एक, कारखान्यातून निघाली तशी गाडी. दुसरी, शर्यतीची. आणि तिसरी कस्टम, म्हणजे आपल्या मनासारखी बदललेली. त्या वेळी कॅलिफोर्नियात तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन टप खाली आणत, बंपर उडवत, भडक रंग मारत. जॉर्ज बॅरिससारखे कारागीर त्यात नावाजले. ज्या मुलाला लायसन मिळायला अजून पाचसहा वर्षं होती, तो हेच सगळं घरच्या टेबलावर करू लागला.

जपानची गोष्ट वेगळी. शिझुओका शहरात १९४६मध्ये योशिओ तामिया यांनी लाकडाची वखार काढली. लाकूड हाताशी होतं म्हणून लाकडी मॉडेलं केली आणि १९६०मध्ये ते प्लास्टिककडे वळले. त्यांचे चिरंजीव शुनसाकू तामिया यांना पोर्शे गाडीचं मोठं मॉडेल काढायचं होतं. मापं नीट मिळेनात, तेव्हा त्यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून एकेक भाग अभ्यासला. त्यातून १९७६ची एकास बारा प्रमाणातली पोर्शे ९३४ आली. खेळणं समजून ज्याच्याकडे आपण पाहतो, त्यामागे असं वेड असतं, मंडळी.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. मुलांनी नीट ऐका, परीक्षा घेणार आहे.

पहिलं काम म्हणजे भांडी घासायच्या साबणाने भाग धुणं. डायमधून माल सुटावा म्हणून तेलकट पदार्थ वापरलेला असतो. तो राहिला तर रंग धरत नाही. मग भाग चौकटीपासून कापायचे, हाताने पिळून तोडायचे नाहीत. पार्टिंग लाइन वॉटर पेपरने घासून काढायची. जोडायला जो पातळ सिमेंट मिळतो, तो गोंद नव्हे. तो प्लास्टिकच्या दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकजीव होतात, म्हणजे एक प्रकारचं वेल्डिंगच ते. मात्र काचांना तो लावायचा नाही. झटपट चिकटणारा गोंदही नाही, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. काचेला आपला फेविकॉल थेंबभर. वाळला की पारदर्शक होतो.

फटींत लांबी भरायची, घासायची. मग प्रायमर. प्रायमर हा या धंद्यातला सर्वांत स्पष्टवक्ता माणूस. प्लास्टिकवर न दिसणारा ओरखडा प्रायमर मारला की लगेच दिसतो. पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. मग रंगाचे पातळ हात, एकावर एक. जाड हात मारला की दारांच्या रेघा बुजतात. आणि मुंबईकरांसाठी खास सूचना: पावसाळ्यात लॅकर मारू नका. हवेतली ओल त्यात अडकते आणि रंगावर पांढुरकी साय धरते. मी पावसाळ्यात इंजिनं जोडतो आणि दिवाळीनंतर बॉडी रंगवतो. शेतकऱ्यासारखे माझेही हंगाम ठरलेले आहेत.

इंजिनाला प्लगच्या वायरी लावायच्या तर खरी वायर सात मिलिमीटर जाड. भागिले चोवीस केले की पाव मिलिमीटरच्या जरा वर. जुन्या बंद पडलेल्या मोटरच्या वाइंडिंगमधली तार नेमकी बसते. काचेभोवतीची चकचकीत पट्टी करायला अतिपातळ चिकट फॉइल मिळतो. नसेल तर चॉकलेटच्या वेष्टणातला चंदेरी कागद चालतो. चॉकलेट कुणी खायचं, हा प्रश्न आमच्याकडे कधी पडलेला नाही.

मग येतं कस्टम काम. यातला सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे टप खाली आणणं. पंचवीसाव्या प्रमाणात चार मिलिमीटर कापले की खऱ्या गाडीचे चार इंच कापल्यासारखे. ऐकायला सोपं वाटतं. पण खिडक्यांचे खांब वर जाताना आत कललेले असतात. मधून चकती काढली की वरचा टप खालच्या खांबांवर बसतच नाही, तोकडा पडतो. मग टप उभा-आडवा चिरून त्यात पट्ट्या भराव्या लागतात. कापायला पाच मिनिटं, जुळवायला तीन आठवडे. संसारातही हेच प्रमाण आहे.

हे एकट्याने घरात चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी मी समितीकडे अर्ज केला की कार्यालयाशेजारची छोटी खोली रविवारी दहा ते साडेबारा मुलांसाठी द्यावी. वार्षिक सभेत चर्चा झाली. एका सभासदांनी विचारलं, "प्लास्टिकच्या गाड्या जोडून मुलांचं काय भलं होणार? त्यापेक्षा क्लास घ्या." दुसऱ्यांना थिनरच्या वासाची आणि आगीची काळजी होती. दुसरा मुद्दा रास्तच होता. म्हणून अटी ठरल्या: खोलीत स्प्रे नाही, मुलांना फक्त पाण्यात मिसळणारे रंग, थिनरची बाटली माझ्याबरोबर येणार आणि माझ्याबरोबर जाणार, दहा वर्षांखालच्या मुलांच्या हाती कटर नाही. पहिल्या मुद्द्याला त्या दिवशी मी उत्तर दिलं नव्हतं. आज देतो.

बी विंगमधले आपले टॅक्सीवाले काका सगळ्यांना माहीत आहेत. राजापूरकडचे. २००० साली सोसायटी नोंदली गेली, तेव्हाच्या पहिल्या सभासदांपैकी. त्यांची काळी-पिवळी पद्मिनी वॉचमनच्या केबिनमागे उभी असायची. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर काकांचं दार वाजवायचं, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. मीटर टाकायचे नाहीत ते. वीस वर्षांचा नियम आला आणि २०१६मध्ये ती गाडी भंगारात गेली. न्यायला काका स्वतः गेले नाहीत, चावी मुलाच्या हाती दिली. त्यानंतर ते गाडीबद्दल बोलले नाहीत. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. आता उजेड-अंधार तेवढा कळतो.

त्यांची नात सातवीत आहे, आमच्या रविवारच्या टेबलावर येते. गेल्या वर्षी तिने विचारलं, "काका, आजोबांच्या टॅक्सीचं किट मिळेल?" आम्ही शोधलं. मनासारखं मिळालं नाही. मी म्हटलं, मग आपण करू.

पद्मिनीचं मूळ म्हणजे इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती १९६४पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. १९७२मध्ये तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४पासून पद्मिनी. ओळखीच्या एका गॅरेजमध्ये एक पद्मिनी धूळ खात उभी होती. चौघं मुलं टेप घेऊन गेलो. दोन चाकांमधलं अंतर सुमारे २३४० मिलिमीटर. भागिले चोवीस करा. साडेसत्त्याण्णव! हे गणित वहीतलं नव्हतं, म्हणून कुणाला कंटाळा आला नाही. ग्राफ पेपरवर चारही बाजूंची चित्रं काढली. त्यावरून मी सागवानाचा ठोकळा कोरला, त्यावर सिलिकॉन रबरचा साचा घेतला आणि रेझिनची बॉडी ओतली. चाकं, सीटा, स्टीअरिंग जुन्या किटांच्या उरलेल्या भागांतून. पुढची सीट एकसंध बाकासारखी आणि गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, हे मुलांना नवलच वाटलं. टपावरचा कॅरिअर तारेचा, डाग देऊन केलेला. डाव्या बाजूला बाहेर बसवलेला जुना मीटर नातीने स्वतः पट्टीतून घडवला.

प्रायमर झाला आणि ती म्हणाली, रंगायच्या आधी आजोबांना दाखवू या. काका रविवारी खाली आले. गाडी हातात घेतली. टूलरूममध्ये आम्ही डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवायचो, तेव्हा बोटांनी पाहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. काकांचा अंगठा बॉनेटवरून गेला, टपावरून गेला, मागच्या दोन पंखांवर थांबला. मीटरवर बोट ठेवून हसले. मग डावीकडच्या मागच्या दारावर बोट दोनतीनदा फिरलं. गाडी टेबलावर ठेवली आणि म्हणाले,

"चांगली झाली हो. पण माझी नाय ही."

नात हिरमुसली. तिने विचारलं, "का, आजोबा?"

"माझीला इथे पोचा होता."

मग त्यांनी सांगितलं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. काका शीवजवळ अडकले. मागे एक बाई, तिचं तान्हं मूल आणि एक म्हातारे गृहस्थ. पाणी सीटपर्यंत आलं तेव्हा काकांनी तिघांना बॉनेटवरून टपावर चढवलं. ती सगळी रात्र चौघांनी कॅरिअरला धरून काढली. पाण्यातून वाहत आलेलं एक पिंप डाव्या मागच्या दारावर आपटलं, त्याचा तो पोचा. पुढे गाडीचं इंजिन उतरवलं, सीटा बदलल्या, रंग झाला. पण पोचा त्यांनी काढू दिला नाही. गॅरेजवाला म्हणायचा, दहा मिनिटांचं काम आहे. काका म्हणायचे, राहू दे.

ही गोष्ट त्यांच्या घरातसुद्धा कुणी पूर्ण ऐकलेली नव्हती. भाड्याच्या गाडीवर रात्री कुठे अडकलो, हे त्यांनी घरी एका वाक्यात सांगितलं होतं. त्या रविवारी अकरा मुलं तोंडाचा आ वासून ऐकत होती आणि काका साडेबारा वाजले तरी थांबले नाहीत.

पुढच्या रविवारी पोच्याचं काम झालं. दाराची आतली बाजू कानशीने घासून पातळ केली. गरम पाण्यात धरलं की रेझिन मऊ होतं. मग चमच्याच्या पाठीने दाबायचं. पहिल्यांदा बॉडीवर नको, म्हणून उरलेल्या तुकड्यांवर नातीने सोळा पोचे पाडले. प्रत्येक तुकडा आजोबांच्या हातात. हा खोल झाला. हा गोल झाला, पिंपाची कड आडवी लागली होती. हा जरा वर. सतराव्याला ते नुसतं "हं" म्हणाले. तसाच पोचा बॉडीवर पाडला. मग काळा रंग, टपाला पिवळा. पिवळ्याची छटासुद्धा काकांनी सांगितली, "नवा पिवळा नको, उन्हात चार वर्षं राहिलेला हवा." म्हणून पिवळ्यात थेंबभर पांढरा आणि सुईच्या टोकावर येईल एवढा तपकिरी मिसळला.

या छंदात कस्टम म्हणजे काय, ते मला या कामात नीट कळलं. किटमधली गाडी कुणाचीही असते. कारखान्यातून निघालेल्या हजारो गाड्यांपैकी कुठलीही. ती एका माणसाची करायची तर त्या माणसाकडे जाऊन विचारावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं आणि तो "नाही" म्हणाला तर पुन्हा बसावं लागतं. मुलांचं काय भलं होणार, असं सभेत विचारलं होतं. त्या सभासदांना माझं उत्तर हे आहे. सातवीतली मुलगी सोळा वेळा "नाही" ऐकून सतराव्यांदा गरम पाणी ठेवायला उठली. कुठल्या क्लासमध्ये हे शिकवतात, ते मला सांगा. मी माझ्या नातवाला घालतो.

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. तिची वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी उरली नाही. ज्या साली आपण इथे राहायला आलो, त्याच सुमारास कारखान्यातलं तिचं उत्पादनही थांबलं. आज या सभागृहातल्या निम्म्या मुलांनी ती गाडी पाहिलेली नाही. ज्यांनी ती चालवली, ते आपल्यात बसले आहेत.

म्हणून शेवटी तीन विनंत्या.

पहिली मुलांना. रविवारी या. महागडं परदेशी किट आणू नका. जुना टूथब्रश, कपड्यांचे चार चिमटे, नेलकटर आणि वॉटर पेपरचा एक कागद, एवढ्यावर सुरुवात होते. पहिली गाडी वाकडी होईल. होऊ दे, दुसरी कमी वाकडी होते.

दुसरी विनंती समितीला. छोट्या खोलीच्या खिडकीत एक एक्झॉस्ट फॅन बसवावा. खजिनदार साहेब माझ्याकडे पाहत नाहीयेत, पण ऐकू येतंय हे मला माहीत आहे. फॅन मी आणतो, सोसायटीने फक्त वायरिंग करून द्यावं.

तिसरी ज्येष्ठांना. तुमच्यातल्या कुणाकडे राजदूत होती, कुणाकडे बजाज सुपर, कुणी एसटी चालवली, कुणी बेस्टमध्ये कंडक्टर होतं. रविवारी तासभर खाली येऊन बसा आणि ती गाडी कशी होती ते सांगा. रंग कोणता, आवाज कसा, कुठे ओरखडा होता. बाकी काम मुलं करतील. काका आता दर रविवारी येतात. तपासनीस म्हणून त्यांची नेमणूक झाली आहे आणि ते फार कडक आहेत. परवा माझ्या एका गाडीच्या टपावर बोट फिरवून म्हणाले, "इथे खरखरीत लागतंय." लागत होतंच. उतरवला रंग.

टॅक्सी बाहेर टेबलावर ठेवली आहे. काचेच्या पेटीत नाही, मुद्दाम उघडी ठेवली आहे. मुलांनो, रांगेत या, हात पुसून या, आणि डाव्या मागच्या दारावर बोट फिरवून पाहा.

 गणपती बाप्पा मोरया!